भाऊबीजेची ओवाळणी : एक वजनकाटा

दिवाळीचे चार दिवस आम्ही पुरुषमंडळी तशी निर्धास्त असतो. फराळ करणारे हात दुसऱ्यांचे, आकाशकंदील टांगण्याचे काम हल्ली मुलांचे; आपण पहाटे उठून अंगाला तेल लावून घ्यायचे आणि चकलीला काटा आला की नाही यावर ऐटीत मत द्यायचे, एवढेच. पण भाऊबीज जवळ आली की या निर्धास्तपणाला तडा जातो. साडी घ्यावी तर रंग चुकतो. पाकीट द्यावे तर "मुनिमासारखे पैसे मोजून गेलास" हे वर्षभर ऐकावे लागते. त्यातून बहिणीला एखादा छंद असला, तर मात्र आपण सुटलो असे भावाला वाटते. छंद ठाऊक आहे, दुकान ठाऊक आहे, आता चुकणार कुठे?

मी चुकलो. लागोपाठ दोन वर्षे चुकलो, आणि तेही भरपूर पैसे खर्च करून.

माझ्या थोरल्या बहिणीला भट्टीतल्या पदार्थांचा नाद आहे. केक, बिस्किटे, पाव, नानकटाई. विकायला नव्हे, निव्वळ हौसेने. या हौसेचे मूळ आमच्या लहानपणात आहे. दिवाळीच्या आधी आठ दिवस आई मैदा, पिठीसाखर आणि तूप पिशवीत घालून जवळच्या बेकरीत जात असे. तिथे आपल्यासारख्याच दहा-पंधरा बायका आपापली परात घेऊन बसलेल्या असत. पीठ मळून, गोळे वळून, त्यावर वेलदोड्याचे दाणे टोचून पत्रे भरायचे, पत्र्यावर नावाची चिठ्ठी ठेवायची आणि भट्टीवाल्याच्या हवाली करायचे. लांब दांड्याच्या फळीने तो ते पत्रे आत सरकवी. त्या भट्टीला ना काटा होता ना आकडा, आत हात धरून तो सांगे, "अजून जरा थांबा, बाई." मी गरम नानकटाई केव्हा हातात पडते याची वाट पाहत असे. ताई मात्र भट्टीच्या तोंडाकडे टक लावून पाहत असे. पुढे तिने घरी रॉकेलच्या स्टोव्हवर, जाड बुडाच्या पातेल्यात वाळू घालून, झाकणावर निखारे ठेवून केक केला. खालून काळा, वरून पांढरा. पण आम्ही भावंडांनी तो चाकूने खरवडून खाल्ला आणि वाहवा केली.

आता ताई डोंबिवलीला दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये राहते. तिच्या ओट्याच्या कोपऱ्यात एक जुना, मध्यम आकाराचा विजेचा ओव्हन आहे. चार वर्षांपूर्वी भाऊबीजेला मी ठरवले की ताईला झकास मोठा ओव्हन घ्यायचा. दुकानात गेलो. विक्रेत्याने ६० लिटरचा ओव्हन दाखवला; आतला दिवा लावून दाखवला, फिरती सळई फिरवून दाखवली. मीही भुललो. तो ओव्हन दोन हमालांनी जिन्याने वर चढवला तेव्हा मेव्हण्यांच्या चेहऱ्यावर जे भाव होते, त्यांचा अर्थ मला पुढे कळला. ओट्यावर तो मावेना. बरे, २००० वॉटचे ते यंत्र चालायला १६ अँपिअरचे जाड पिनांचे सॉकेट लागते आणि ओट्याजवळ होते ६ अँपिअरचे, मिक्सरपुरते. जाड पिनांचे सॉकेट घरात एकच, ते न्हाणीघरातल्या गीझरचे. ताई हसून म्हणाली, "अरे, आता अंघोळ आणि केक आळीपाळीने!" पुढे तो ओव्हन बाहेरच्या खोलीत एका स्टुलावर विसावला. त्यावर विणलेला रुमाल आला, रुमालावर फुलदाणी आली. एवढी महाग फुलदाणीची बैठक डोंबिवलीत दुसऱ्या कोणाकडे नसेल. शेवटी भाचीने घर केले तेव्हा तो तिच्याकडे गेला आणि मेव्हण्यांना पाय पसरायला जागा झाली.

दुसऱ्या वर्षी मी शहाणा झालो, निदान मला तसे वाटले. लहान वस्तू घ्यायची! तीन मजली केकचे साचे, ५२ तऱ्हांच्या नळ्या असलेली सजावटीची पेटी आणि चकचकीत चित्रांचे एक परदेशी पुस्तक, असा सरंजाम घेऊन गेलो. ताटात तो ठेवताना मी मोठ्या प्रेमाने म्हणालो, "ताई, आता चिरंजीवांच्या वाढदिवसाला हा तीन मजली केक तूच करायचा हं! आणि नाताळात तो सुक्या मेव्याचा."

ताईने निरांजन खाली ठेवले आणि म्हणाली, "अरे, ही मला ओवाळणी घातलीस की ऑर्डर दिलीस?"

सगळे हसले. मीही हसलो. घरी परतताना लोकलमध्ये आमच्या सौभाग्यवतींनी मला विचारले, "त्या बोलण्यात थट्टा किती होती, कळलं का तुम्हाला?" कळले नव्हते.

कळले ते पुढच्या वर्षी गणपतीत. ताईच्या घरात पाऊल टाकले की एरवी लोणी-साखरेचा जो वास यायचा, तो आला नाही. ओव्हनच्या डोक्यावर पोळ्यांचा डबा ठेवलेला होता. चौकशी केली तर म्हणाली, "सोडून दिलंय ते. माझ्या हाताला यश नाही रे. आईच्या हाताला होतं." साठी ओलांडलेली बाई ज्या सुरात हे बोलली, तो सूर मला सहन झाला नाही. तिने मला एक वही दाखवली. गेल्या सात-आठ वर्षांत केलेल्या प्रत्येक पदार्थाची तारीख, प्रमाण आणि शेवटी एका ओळीचा शेरा. मी पाने उलटू लागलो. 'वरून करपला, आत कच्चा.' 'मध्ये डोंगर आला, भेग पडली.' 'कडा कडक.' 'पुन्हा वरून करपला.' मधूनच एखादे 'बरा'. आणि शेवटच्या पानावर, माझ्या चिरंजीवांच्या वाढदिवसाच्या तारखेखाली : 'तिन्ही थर वाया. बाहेरून आणला.'

तो केक मी खाल्ला होता. 'ताईच्या हातची चवच न्यारी' असे चार लोकांत म्हणालोही होतो!

मी बँकेत हिशेब तपासण्यात आयुष्य घालवलेला माणूस. सात वर्षे एकाच बाजूला चूक होत असेल तर ती हाताची चूक नव्हे, काट्याची चूक, एवढे आम्हाला समजते. भट्टीतल्या कामाचे मला काही कळत नव्हते, पण माझ्या कार्यालयात पूर्वी असलेल्या एका बाई घरगुती केक करून विकतात. त्यांना मी शेरे वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "ओव्हन जास्त तापतोय. वरचा थर आधी घट्ट होतो, आतलं पीठ नंतर फुगतं आणि मग मधूनच फोडून बाहेर येतं. आत थर्मामीटर ठेवून पाहा."

ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर ही वस्तू तळहाताएवढी असते. गोल तबकडी, वर अडकवायला आकडा, जाळीवर टांगून ठेवायची. काही शे रुपयांत मिळते. माझ्या पहिल्या ओवाळणीच्या किमतीत अशा तीसेक आल्या असत्या. त्या भाऊबीजेला मी तीच नेली. ताटात ठेवताना लाज वाटली, इतकी ती लहान होती. ओवाळून झाल्यावर आम्ही ओव्हनचे बटण १८० अंशांवर लावले, थर्मामीटर आत टांगला आणि काचेतून पाहत बसलो. यात घाई करून चालत नाही. ओव्हनचे तापमान एकाच जागी स्थिर नसते. तो तापतो, बंद पडतो, जरा निवतो, पुन्हा पेटतो. तेव्हा वीस मिनिटे जाऊ द्यावीत आणि मग चार-पाच वेळा आकडा पाहून मध्य काढावा. आम्ही पाहिला. तबकडीचा काटा २१५ च्या आसपास रेंगाळत होता.

ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं हा मेला माझ्याशी खोटं बोलत होता?" आणि पदराने डोळे पुसून तिने बटण १५० च्या खाली आणले.

अल्फ्रेड बर्ड नावाचे एक औषधविक्रेते एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात बर्मिंगहॅमला राहत. त्यांच्या पत्नीला अंडे सोसत नसे आणि यीस्टही सोसत नसे. म्हणजे कस्टर्ड नाही, पाव नाही. या गृहस्थांनी तिला दागिना आणला की नाही, ठाऊक नाही. पण १८३७ मध्ये त्यांनी बिनअंड्याची कस्टर्ड पावडर बनवली आणि १८४३ मध्ये यीस्टवाचून पीठ फुगवणारी बेकिंग पावडर. आज घरोघरी फळीवर जे डबे दिसतात त्यांचे मूळ एका बायकोच्या पथ्यात आहे. मेव्हण्यांना मी ही गोष्ट सांगितली, तर म्हणाले, "तुमच्या ताईला काय सोसत नाही, तर मी टीव्हीचा आवाज मोठा ठेवलेला."

आता थोडे आपल्या 'अंदाजा'विषयी. आपला सारा स्वयंपाक अंदाजावर उभा आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. आमटी अळणी झाली तर मीठ घालता येते, घट्ट झाली तर पाणी. चूक सुधारायला शेवटपर्यंत वाव असतो. भट्टीतल्या पदार्थाचे तसे नाही. दार लावले की तुमचा हात संपला. पुढचे सारे आधीच्या मापावर. म्हणून उत्तम स्वयंपाक करणारी सुगरणही केकपुढे कधी कधी हात टेकते, आणि दोष स्वतःला लावते.

आणि माप म्हणजे तरी काय? गेल्या दिवाळीत आम्ही एक खेळ केला. एकच कप, एकच मैद्याचा डबा. ताईने चमच्याने हलकेच मैदा कपात सोडला आणि सुरीने सपाट केला : १२२ ग्रॅम. आमच्या सौभाग्यवतींनी कप थेट डब्यात बुडवून भरला : १३८ ग्रॅम. मी पुरुषी जोर लावून दाबून भरला : १५१ ग्रॅम. तीन कपांच्या केकात हा फरक ९० ग्रॅमच्या घरात जातो. म्हणजे एकाच कृतीतून एकीचा केक मऊ आणि दुसरीची वीट! बरे, कपसुद्धा देशोदेशी वेगळे. अमेरिकेचा कप साधारण २४० मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियाचा २५०. ऑस्ट्रेलियात मोठा चमचा २० मिलिलिटरचा तर इतरत्र बहुधा १५ चा. चमचे-कप सपाट भरून मोजायची शिस्त अमेरिकेत फॅनी फार्मर या बाईंनी १८९६ च्या आपल्या पाकपुस्तकातून रूढ केली. ती सुधारणा मोठीच. पण दाबून भरलेला कपही सपाट करता येतो, ही अडचण त्यांच्यानेही सुटली नाही. ती वजनकाट्याने सुटते.

म्हणून, वाचकहो, तुमच्या घरी अशी एखादी हौशी व्यक्ती असेल आणि तिच्याकडे स्वयंपाकघरातला विजेरीचा वजनकाटा नसेल, तर पुढचे न वाचताही तुमचे काम झाले. ५ किलोपर्यंत तोलणारा, एकेक ग्रॅम दाखवणारा, आणि भांडे ठेवून आकडा शून्यावर आणता येईल असा घ्यावा. एकाच भांड्यात मैदा, साखर, लोणी एकामागून एक तोलता येते आणि घासायची चार भांडी वाचतात. सोडा, बेकिंग पावडर असल्या चिमूटभर जिनसांना मात्र हा काटा उपयोगाचा नाही. त्यांना ५ मिलिलिटरच्या मापाचे चमचेच बरे. तो चमच्यांचा जुडगा सोबत द्यावा.

काटा आहे, थर्मामीटरही आहे, मग? मग साच्यांकडे वळावे, पण जाताना खिशात मोजपट्टी असावी. ओव्हनच्या आतली रुंदी मोजावी आणि साच्याभोवती निदान इंचभर वारा खेळायला जागा उरेल असाच साचा घ्यावा. ८ इंची आणि ९ इंची गोल साच्यांत दिसायला फरक एका इंचाचा, पण तळाचे क्षेत्रफळ ५० चौरस इंचांवरून ६४ वर जाते. तेच पीठ त्यात पातळ पसरते आणि लवकर वाळते. हल्ली घरे चार माणसांची. त्यांना ६ इंची साच्यांची जोडी फार सोयीची पडते. ८ इंची केकच्या साधारण अर्ध्या प्रमाणात ती भरते. साधा, फिक्या रंगाचा, जाड ॲल्युमिनियमचा साचा उत्तम. काळा साचा उष्णता अधिक शोषतो आणि कडा लवकर लाल होतात. रबरासारखे रंगीत सिलिकोनचे साचे दिसतात गोजिरे, पण त्यांत पदार्थाला तांबूस रंग चढत नाही. ५२ नळ्यांच्या पेटीविषयी मी बोलू नये. ताईने त्यातल्या तीन वापरल्या. एक चकलीसाठी.

बारीकसारीक वस्तूही पुष्कळ आहेत. केक निवायला पायांची जाळी. भांड्याची कड निपटून घेणारे लवचीक उलथणे. साच्याच्या तळाला घालायचा, ओव्हनची उष्णता सोसणारा कागद. मेणकागद नव्हे, तो भट्टीत वितळतो. पावावर दूध फिरवायचा ब्रश घ्याल तर केसांचा घेऊ नका; तसले ब्रश पुष्कळदा डुकराच्या केसांचे असतात आणि शाकाहारी घरात हे मागाहून कळले की तुमची ओवाळणी अंगणात जाते. सिलिकोनचा घ्यावा. ज्या घरात अंडे चालते पण आजींच्या भांड्यांना लागलेले चालत नाही, अशा घरी एक स्वतंत्र वाडगा, फेटणी आणि साचा असा संच नेऊन पाहा. सासूबाई आणि सूनबाई दोघी दुवा देतील.

खाद्यवस्तू द्यायच्या असतील तर वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचायला चष्मा न्या. दुकानात 'डार्क चॉकलेट' म्हणून ज्या मोठ्या वड्या मिळतात, त्यांतल्या पुष्कळशा 'कंपाउंड' असतात. म्हणजे कोकोच्या लोण्याऐवजी दुसरे वनस्पतिजन्य स्निग्ध घातलेले. घटकांच्या यादीत कोको बटर दिसले तर ते खरे चॉकलेट. हौशी माणूस स्वतःसाठी स्वस्तातली वडी घेतो, महागातली कोणी दिली तर हरखून जातो. व्हॅनिलाच्या शेंगांचेही तसेच. १८४१ मध्ये रेयुनियन बेटावर एडमंड अल्बियस या १२ वर्षांच्या गुलाम मुलाने त्या फुलाचे हाताने परागण करण्याची सोपी रीत शोधली, आणि आजही लागवडीतले एकेक फूल असेच हाताने फळवावे लागते. ते फूल उमलते एकच दिवस. शेंग महाग का, ते यावरून समजावे. दोन शेंगा काचेच्या नळीत घालून दिल्या तरी पुष्कळ झाले. साखरेच्या बरणीत खोचून ठेवल्या की सारी साखर घमघमते. बेकिंग पावडर आणि यीस्ट मात्र मोठ्या डब्यांत देऊ नयेत. मुंबई-कोकणच्या दमट हवेत उघडलेली पावडर लवकर मरते. चमचाभर गरम पाण्यात टाकून फसफसते का ते पाहावे. नाही फसफसली तर आणखी एका केकचा दोष हाताला लागायचा.

सर्वांत महाग देणगी दुकानात मिळत नाही, आणि ती देताना माझी कंबर धरली. एका रविवारी दुपारभर मी ताईच्या स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसलो. काही बोलायचे नाही, नुसते पाहायचे. लोणी फेटताना तिचा उजवा खांदा दुखतो हे मला त्या दिवशी दिसले. एप्रिल-मेच्या उकाड्यात लोणी फेटण्याआधीच वितळते म्हणून ती परातीत बर्फाचे पाणी घेऊन त्यात वाडगा ठेवते, हेही दिसले. शेवटी तुपट, चिकट भांड्यांचा ढीग उरतो. तो मी घासला. ताई दारात उभी राहून म्हणाली, "कडेला राहिलंय बघ." तीन वर्षांत तिने मला केलेली ही पहिली खरी सूचना. त्या वर्षीच्या भाऊबीजेला काय न्यायचे, याचा प्रश्न मला पडला नाही : हातात धरायचे, विजेवर चालणारे, हलके फेटणीयंत्र. ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालणारे.

यंदा ताईने नवरात्रातच निरोप धाडला की येताना काही आणू नकोस, जुन्या ओव्हनचे तापमान राखणारे बटण दुरुस्त करणारा कोणी माहितीतला असेल तर त्याला घेऊन ये. कारागीर गेला, बटण बदलले. थर्मामीटर टांगून आम्ही पुन्हा पाहिले : बटण १७० वर, काटा १६८ वर. मग ताईने आईच्या प्रमाणाने नानकटाई केली. आईचे प्रमाण वाट्यांचे. ती पितळी वाटी अजून तिच्याकडे आहे. तिने त्या वाटीने भरून प्रत्येक जिन्नस आधी काट्यावर तोलला आणि ग्रॅम वहीत लिहून घेतले. मेव्हणे तयार नानकटाया एकेक करून त्याच काट्यावर ठेवून पाहत होते आणि मला ३ ग्रॅम कमी मिळाल्याची तक्रार करीत होते.

वेलदोड्याचे दाणे वर टोचलेली, मधोमध बारीक भेग गेलेली, बोटाने दाबली की भुगा होणारी ती नानकटाई मी खाल्ली आणि या खेपेस तारीफ करायला घाबरलो. वही उघडी पडली होती. त्या तारखेपुढे ताईने शेरा लिहिला होता : 'पुन्हा असेच करणे.'